भावकीचा आहेर

“पोरीचे कानांवरचे हात काढ गो, लोक बघतायत.”

कुणाच्या तरी हळदीत, बेंजो वाजत असताना, वेदिकाच्या चुलतसासू आनंदीबाई असं म्हणाल्या होत्या. वेदिकाची लेक मनस्वी तेव्हा जेमतेम चालायला लागली होती. वेदिकाने ते इवले हात ओढून खाली केले होते. पोर किती रडली ते आता आठवत नाही. आनंदीबाईंचा तो आवाज मात्र कानात राहून गेला.

आज त्याच आनंदीबाई सगळ्यांच्या पुढे होत्या. कुवारबावच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत. होम आटोपला होता, धूर अजून छताशी रेंगाळत होता. हॉल बघून, किचन बघून भावकी आतल्या खोलीच्या दाराशी आली.

भिंती ओल्या वाळूच्या रंगाच्या, चमक नसलेल्या. त्यांवर आवाज पिऊन घेणारे जाड लोकरी तक्ते. ट्यूब नाही, फळीमागे लपवलेला पिवळा दिवा. पायांखाली लादी नाही, मऊ बुचाची जमीन. छताला एक कापडी झोळी. कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन एक लेकरू मावेल एवढी लाकडी गुहा, आणि तिच्यात जड गोधडी. मनस्वीला मिक्सर सोसत नाही, लखलखाट सोसत नाही. चार माणसं एकदम बोलली की ती स्वतःलाच सापडेनाशी होते. तिच्यासाठी वेदिकाने ही खोली सुताराशी हुज्जत घालून घालून करून घेतली होती.

भावकीला मात्र होम थिएटर म्हणून सांगितलं होतं. सुतार फार चौकशा करायला लागला तेव्हा तिच्या नवऱ्याच्या, संदेशच्या तोंडून हा शब्द पहिल्यांदा निघाला, आणि वेदिकाने तो तसाच राहू दिला. सोपा होता. ऐकायला श्रीमंतही.

मनस्वीची परीक्षा आहे, हेही असंच सांगितलेलं. ती देवरूखला मावशीकडे होती. शंख, घंटा, धूर, एवढी माणसं, तिला त्रास होईल, असं दोघं एकमेकांना म्हणाले होते. ते खरंही होतं. “माझ्या खोलीत मी नाही जायचं?” एवढंच तिने विचारलं. पण तिला गाडीत बसवताना वेदिकाच्या जिवाला जे हलकं वाटलं, ते काही धूर टळला म्हणून नव्हे.

पडदा कुठे आहे, असं कुणीतरी विचारलं. यायचाय, असं संदेश म्हणाला. एक जण झोळीत बसून शेठजी झाला. एवढा काळोख कशाला केलास रे, म्हणून आनंदीबाईंनी नाक मुरडलं.

“काकी, थेटरात काळोखच असतो,” भावकीतले विनोदकाका म्हणाले. “तुम्ही किती लाडू खाल्लात ता कोणाला दिसणार नाय.”

सगळे हसले. मग काकांनी दोघा पोरांना खाली पिटाळलं. ते छातीएवढं खोकं घेऊन धापा टाकत वर आले. आत काळा, भलाथोरला स्पीकर.

“संदेशा, भावकीतर्फे आहेर. थेटराला शोभंल असाच बघून आणलाय.”

जागा शोधत काकांची नजर गुहेवर गेली. गोधडी उपसून त्यांनी दाराकडे टाकली आणि स्पीकर आत सरकवला. अगदी मापात बसला. वायर जोडून त्यांनी मोबाइलवरून गावच्या शक्ती-तुरा नाचाचं गाणं लावलं. ढोलकी धडाडली. तक्त्यांना तो आवाज पेलेना. बुचाच्या जमिनीतून तो वेदिकाच्या तळव्यांत चढला. आनंदीबाईंनी टाळीने ठेका धरला. संदेश हात जोडून सगळ्यांकडे बघत हसत होता. दारातून आतबाहेर करणारे पाय गोधडीवर पडत होते.

वेदिका आत गेली, वाकली आणि तिने वायर उपटली.

ज्या शांततेसाठी खोली केली होती, ती पहिल्यांदाच खोलीत आली.

लाइट गेली वाटतं, असं मागून कुणीतरी म्हणालं.

“वेदिका,” संदेश हलकेच म्हणाला, “पाहुणे आहेत.”

वायर तिच्या हातातच होती. मान काही वर होईना, तेव्हा ती जमिनीकडे बघूनच बोलली.

“काकी, हे थिएटर नाही. मनस्वीची खोली आहे. तिला आवाज सोसत नाही, कधीच सोसत नव्हता. आणि परीक्षा नाहीये तिची. तुम्ही सगळी येणार, म्हणून मी तिला देवरूखला पाठवली. मला तिची लाज वाटली.”