समान भाग

कर्णबधिर मुलांच्या शाळेतल्या मंगरुळेबाईंनी अपूर्णांक शिकवणारा ऑनलाइन खेळ खुणांच्या भाषेत तयार केला, तेव्हा रेवतीच्या वडिलांनीही तो आपल्या मोबाइलवर मागून घेतला. मुलगी चौथीत गेली तरी ‘जेव’ आणि ‘झोप’ यापलीकडे त्यांना तिच्याशी बोलता येत नव्हतं.

“तुम्हाला गणित शिकायचंय?” बाईंनी विचारलं.

“गणित राहू द्या, बाई. पोरीशी बोलायचंय.”

रविवारी जेवताना त्यांनी भाकरी मोडली, एक तुकडा रेवतीच्या ताटात ठेवला आणि खेळात पाहिलेली ‘अर्धी’ ही खूण केली.

रेवतीने दोन्ही तुकडे एकावर एक ठेवून पाहिले आणि मान हलवत भराभर खुणा केल्या. वडिलांना पहिल्यांदाच तिचं सगळं बोलणं समजलं.

“समान नाहीत, बाबा. तुमचा भाग लहान आहे.”