चौदा नंबरचं गाव

सरकारी विम्यात व्हिडिओवरचा डॉक्टर फुकट मिळेल, असा कायदा दिल्लीत पास झाला, तो आरोग्य खात्यातल्या यतीन सरांच्या एका यादीच्या जोरावर. दोनशे गावं आणि प्रत्येकापुढे एकच शेरा: 'नेटवर्क उत्तम'. त्यासाठी सर खुर्चीवरून उठलेही नव्हते. यादीवर त्यांची सही झाली आणि त्या गावांत आठवड्याला येणारा डॉक्टर बंद झाला.

आज मंत्र्यांसमोर प्रात्यक्षिक होतं.

"दीपमाला, यादीतलं कुठलंही गाव व्हिडिओवर जोड, यार. सगळी सारखीच," टाय सारखा करत सर म्हणाले. त्यांच्या हाताखालची दीपमाला या एका वाक्यासाठी आठ महिने राग गिळून "यस सर" म्हणत आली होती. तिनं चौदा नंबरचं गाव जोडलं.

भिंतीएवढ्या पडद्यावर पांढरं वर्तुळ फिरायला लागलं. एक मिनिट गेलं, पाच गेली. कॅमेरेवाले कुजबुजू लागले. एसीतही सरांच्या कपाळावर घाम आला.

"हे काय फिरतंय?" मंत्र्यांनी विचारलं.

दीपमालानं सरांच्या सहीची यादी मंत्र्यांपुढे ठेवली आणि चौदा नंबरवर बोट टेकवलं. "हे माझं गाव, साहेब. नेटवर्क उत्तम."

मग ती यतीन सरांकडे वळली.



"बघा सर, नीट बघा. आई गेली तेव्हा तिच्या हातातल्या मोबाइलवर हेच फिरत होतं."