जोंधळ्याचे दाणे

शाहूपुरीतल्या डॉक्टरांनी अंबूबाईला बजावलं होतं, "झोपलेल्या माणसाला स्वतःचं कळत नसतं. नवऱ्याचा श्वास थांबला, की दर वेळी वाटीत जोंधळ्याचा एक दाणा टाका. त्यावरून दुखणं ओळखू."

आठ दिवसांनी नवऱ्याला, जोतीरामाला, बाहेर बाकावर घोरत सोडून ती आत गेली.

"किती दाणे झाले?"

"एकबी न्हाय. गाढ झोपत्यात."

"मग काळजी नको."

बाहेर येऊन तिनं ओच्यातली पुरचुंडी सोडली आणि आठ रात्रींत वाटीत साठलेला ओंजळभर जोंधळा पारव्यांपुढं उधळला.

लेक गेली त्या दिवशी तिचाही श्वास असाच अडकत होता. दवाखान्यात नेऊया म्हणून अंबूबाईनं नवऱ्याचे पाय धरले होते.

"तुला काय कळतंय?" तो खेकसला होता. "गप झोपू दे की तिला."