पेटीतली बाई

साठीत वाचायला शिकलेल्या शमसुन्निसाबाईंनी पहिलं पुस्तक संपवलं. एका नामवंत जादूगाराचं, मुलांसाठी लिहिलेलं चरित्र. नागभीडजवळच्या आमच्या गावात वाचनालयानं लगेच सत्कार ठेवला.

अध्यक्षांनी माइकवरून विचारलं, "बाई, पुस्तकातून काय शिकल्या?"

"भाऊ, जादूगाराचं नाव पानोपानी हाये. पण पेटीत निजून रोज आरीनं कापून घेणाऱ्या बाईचं नाव कुठीच नाई. मी दोनदा शोधलं."

लोक हसले. "अहो बाई, शिकायला वय नसतं, हे शिकायचं!" अध्यक्षांनी टाळ्या घेतल्या.

बाईंनी मागं वळून बॅनर वाचायला घेतला. अक्षर अक्षर जुळवत अकरा पाहुण्यांची नावं झाली. शेवटी बारीक अक्षरात होतं, ‘सत्कार : एक नवसाक्षर महिला’.




"म्हंजे आज पेटीत मलेच निजवलं ना, भाऊ?"