मुलांची संख्या

कार्यालयाच्या नव्या प्रणालीचा आराखडा आखायचं काम तिच्याकडे होतं. ‘कर्मचारी’ हा क्लास, म्हणजे प्रत्येक कर्मचाऱ्याच्या नोंदीचा साचा, तिने सवयीप्रमाणे स्वतःचीच माहिती घालून तपासला आणि मग ती पुसून टाकली. एक चौकट तेवढी राहिली. ‘मुलांची संख्या’, आणि तिच्यापुढे एक.

“काय गं, येईल त्या कर्मचाऱ्याला एकेक मूल वाटणार आहेस की काय?” शेजारच्या टेबलावरचे तपासनीस हसले. “शून्य कर ते. संध्याकाळी द्यायचंय.”

तिने शून्य केलं. चौकट मिटून पुन्हा उघडली, तर एक. दुसऱ्यांदा शून्य केलं, तर तिच्या डोळ्यांदेखत त्याचा एक झाला. तिसऱ्या वेळी शून्य उमटायलाच वेळ लागला, पलीकडून कुणीतरी आकडा घट्ट धरून ठेवल्यासारखा. ती वैतागली. शून्य टाकून तिने ‘बदलता येणार नाही’ यापुढे खूण केली. मग मात्र आकडा हलला नाही.

चार वाजता तिने रोजच्याप्रमाणे घरी फोन लावला.

“आई, छकुली उठली का झोपून?”

“कोण छकुली?” सासूबाईंनी विचारलं.

“थट्टा पुरे हं आई. द्या तिला फोन.”

“अगं, घरात मी एकटीच आहे. तुला बरं वाटत नाहीये का?” त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती, काळजी होती.

फोन तसाच कानाशी धरून तिने ती खूण काढली, शून्य खोडलं आणि एक टाकला.

तिच्या डोळ्यांदेखत त्याचं शून्य झालं.