यारेलीच्या लग्नाचे अबलोन

नासारिओनं होडीतून ओलं पोतं उचललं, बहिणीच्या पायाशी ठेवलं आणि नुसता हसला.

"भाचीला मामाचा आहेर," तो म्हणाला. "उघड तरी."

निकोलासा धक्क्यावर मासे न्यायला आली होती. केसांत रोलर्स, अंगावर घरातला झगा. दुपारी तिच्या यारेलीचं लग्न होतं. तिनं पोत्याचं तोंड सोडलं. वर केल्पच्या, त्या उंच समुद्री शेवाळाच्या, पानांचा थर होता, तपकिरी, तकतकीत, नुकताच तोडलेला. तो दिसताच तिला पुढचं सगळं कळलं. गरम पाण्याचे उन्हाळे लागोपाठ आले आणि बेटाभोवतीचं केल्पचं रान विरून गेलं. आता ते उभं होतं फक्त उत्तरेच्या खडकावर. त्या खडकाला कुणी हात लावायचा नाही, असं बेटावरच्या सगळ्यांनी सभेत ठरवलं होतं. पहिला हात तिनं वर केला होता. दुसरा नासारिओनं.

तिनं पानं सारली. तळहाताएवढे अबलोन, एकाच शिंपल्याच्या मोठ्या समुद्री गोगलगायी, एकमेकांच्या शिंपल्यांना घट्ट धरून बसले होते. जिवंत होते.

"उत्तरेचे," ती म्हणाली.

"मग काय दुकानातून आणू? ताई, तुझ्या लग्नात होते, माझ्या लग्नात होते. अबलोन नसले तर लग्नाचं जेवण कुठलं आणि मयताचं कुठलं, कळायचं कसं? एफ्रेन एवढं वऱ्हाड घेऊन आलेत एन्सेनादाहून. व्याह्यांना काय टोमॅटो चारणार?"

"मासा आहे."

"मासा त्यांच्या घरीही शिजतो."

खोटं कशाला बोला, मुलीच्या लग्नात हेच ताट मांडायचं निकोलासाच्याही मनात वर्षानुवर्षं होतं. पण हे बियाणं होतं. यांची पिल्लं पसरली तरच बाकीच्या खडकांवर पुन्हा काही दिसणार होतं. त्यापायी तिनं पहारा केला होता, शेजाऱ्यांना हाकललं होतं, त्यांच्या शिव्याही खाल्ल्या होत्या.

"कुणाला कळणार नाही," नासारिओ हळूच म्हणाला. "पहाऱ्यावर तू असतेस. आणि तू आज केस कुरळे करतेयस."

"एखादा कापला का?"

नासारिओला ते लागलं. "माझ्या हातून? एकही नाही."

अबलोनचं रक्त गोठत नाही. काढताना लोखंडी पट्टीचा साधा ओरखडा बसला तरी तो वाहून वाहून मरतो. पण नासारिओइतका साफ हात बेटावर दुसऱ्या कुणाचा नव्हता, हे तिला चांगलं माहीत होतं.

"म्हणजे जगतील." तिनं एकेक रोलर उपटून त्याच्या खिशात कोंबायला सुरुवात केली. "होडी वळव."

"वेडी झालीस? लग्न आहे आज!"

"नवरीच्या आईशिवाय लागत नाही ते. वळव म्हणते ना, गाढवा."

धुकं होतं. ओहोटीमुळे खडक फार खोल नव्हता. पाण्याखाली हवा पुरवणारा कॉम्प्रेसर घरी राहिला होता, म्हणून दोघं रबरी पोशाख चढवून दम धरूनच उतरली. अबलोन वरून टाकून दिले असते तर उताणे पडून खेकड्यांच्या तोंडी गेले असते. एकेक कपारीत न्यायचा, त्याचा मांसल पाय खडकाला टेकवायचा आणि तो धरेपर्यंत शिंपल्यावर तळहात दाबून थांबायचं, एवढाच उपाय होता. केल्पच्या दांड्यांमधून निकोलासा खाली जायची, हाताखालचा जीव खडकाला आवळून बसला की वर यायची, दुसरा घ्यायची.

नासारिओला काढायची सवय होती, लावायची नव्हती. त्यानं घाईनं हात उचलला आणि पहिलाच अबलोन निसटला. तिनं तो वरच्या वर झेलला, भावाचं मनगट पकडलं आणि त्याचा तळहात शिंपल्यावर ठेवून वरून आपला दाबला. त्याचा दम संपत आला. तो धडपडला. तिनं सोडलं नाही. मग त्याच्या हाताखाली काहीतरी हललं, रुतलं, घट्ट झालं.

वर आल्यावर तो बराच वेळ धापा टाकत होता. मग त्यानं पोत्यातून पुढचा अबलोन घेतला आणि एकटाच खाली गेला. पोतं रिकामं होईपर्यंत तो असाच उतरत राहिला.

लग्न उशिरा लागलं. पाद्री रुसला होता, यारेली आईकडे बघून आधी चिडली आणि मग हसली. जेवणाला सगळे बसले. एफ्रेननी ताटातला मासा काट्यानं उलटून पाहिला.

"विहीणबाई, या बेटावर लग्नात अबलोन असतो असं ऐकून होतो आम्ही. कुणी बंद केला हो?"

ते हसत बोलले, पण आवाज शेवटच्या टेबलापर्यंत गेला. शेजारीपाजारी आपापल्या ताटात बघू लागले. निकोलासाच्या केसांतून पाणी अजून कॉलरवर गळत होतं. तिनं सभेत करतात तसा हात वर केला.

"मी."

पलीकडे खुर्ची सरकली. नासारिओ हात वर करून उभा होता.

"मीपण. बंदी घातली तेव्हा दुसरा हात माझा होता." तो थांबला. त्याचं तोंड लाल झालं होतं. "आणि आज पहाटे ती मोडली, तीही मीच. पोतंभर काढले होते. हिनं सगळे परत लावायला लावले."

एफ्रेननी विहिणीचे ओले केस पाहिले, पाण्यानं सुरकुतलेली बोटं पाहिली. मग ताट पुढे केलं.

"अहो मग मासा निवेपर्यंत काय बघत बसलाय? वाढा."

निकोलासानं थाळा उचलला. व्याह्यांना वाढलं, आणि मग सगळ्यांत मोठा तुकडा भावाच्या ताटात घातला.

"पोटभर जेव," ती म्हणाली. "सोमवारी सभेत हे पुन्हा सांगायचंय."