खंडेरावचं रिव्हॉल्वर

"करा की आवं सही! घ्या अन् चला," सारजाबाईनं नवऱ्याला कोपरानं ढोसलं. टेबलावर खंडेरावचं रिव्हॉल्वर होतं, टेबलापलीकडं जमादार बसले होते, आणि खंडेरावच्या हातातलं पेन काही कागदाला टेकत नव्हतं.

निवडणूक आली की लायसनवाल्यांनी आपापली हत्यारं ठाण्यात जमा करायची आणि निकाल लागला की परत न्यायची, हा रिवाज. यंदाही खंडेरावनं जमा केलं. नुसतं जमा नाही, तर डोक्याला फेटा बांधून, कमरेचं हत्यार सगळ्या गल्लीला दिसंल असं मिरवत. आता निकाल लागून महिना झाला, तरी गडी परत न्यायचं नाव घेईना. गारखेड्यातल्या शेजारणी विचारायला लागल्या, "वहिनी, भाऊंची बंदूक जप्त झाली का व्हय?" ते ऐकून सारजाबाई पेटली. आज तिनंच त्याला रिक्षात घालून आणलं होतं.

तसा त्या बंदुकीनं आजवर पराक्रम तरी काय केला होता? चिकलठाण्याकडची जमीन प्लॉटिंगमध्ये गेली, पैसा आला, आणि मेंढरामागं उन्हातान्हात हिंडलेल्या माणसाला एकाएकी शेठ व्हायची हौस आली. हौसेला मोल नसतं. खंडेराव स्वतःच सांगायचा, "आमची बंदूक लई गुणाची. माझ्यासंगं लग्नात जेवायला येती, अन् घरी येऊन झोपती." चोर कधी आला नाही. आला असता, तर खंडेरावच बंदूक टाकून आधी पळाला असता. उभ्या हयातीत त्याला एक काठी पुरली होती.

मग दुष्काळ पडला. टँकरचं पाणी माणसांनाच पुरेना, मेंढरांना कोण विचारतो? गावाकडं होता तो कळपही विकून टाकला. पोटाला कमी नव्हतं, कुणाचं देणं नव्हतं. पण सकाळी उठून जायचं कुठं, हेच त्याला कळेना. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत बसून तो खालच्या गाड्या बघायचा. हाक मारायला एक मेंढरू नाही. झोप गेली, जेवण गेलं. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "शेठ लोकांना भूक लागत नसती." लोक हसायचे. तोही हसायचा.

ऐन प्रचाराच्या धामधुमीत एका दुपारी सारजाबाई टँकरचं पाणी आणायला खाली गेली, आणि खंडेरावला वाटलं, बस झालं आता, जगायचंच नाही. त्यानं कपाट उघडून हात आत घातला. हाताला लागल्या सारजाबाईच्या साड्या! हत्यार तर ठाण्यात. फेटा बांधून आपणच देऊन आलो की! खंडेराव मटकन खाली बसला. वा रे शेठ, तुला तर मरणंसुद्धा धड जमंना! त्याला हसू आलं, हसता हसता रडू फुटलं, आणि रडण्यात बराच वेळ गेला. तेवढ्यात सारजाबाई घागर घेऊन वर आली. म्हणाली, "च्या करू का?" तो म्हणाला, "कर." ती दुपार टळली.

तशा दुपारी पुढंही आल्या. दर वेळी कपाटात साड्याच होत्या, म्हणून तो आज इथं उभा होता. हत्यार घरी गेलं तर पुढची दुपार टळंल का, याची त्याची त्यालाच खात्री नव्हती. भीती वाटत होती त्याला, खरीखुरी भीती. आणि नको म्हणावं, तर का नको ते बायकोसमोर सांगावं लागणार.

"जमादार, राहू द्या बंदूक तुमच्याकडंच," तो कसाबसा म्हणाला. "तब्येत सुधारलीय तिची इथं."

जमादार हसले. सारजाबाई हसली नाही. "अन् मी गल्लीत तोंड कसं दाखवू? येड लागलं का तुम्हाला?"

"शेठ," जमादार म्हणाले, "लायसन काढताना जिवाला धोका हाय म्हणून सांगितलं होतं तुम्ही. संपला का धोका?"

एरवी खंडेरावच्या जिभेवर थट्टा तयारच असायची. आज एकही येईना. त्यानं पेन खाली ठेवलं.

"नाय संपला," तो म्हणाला. "माझ्या जिवावर मीच उठलोय, जमादार. हे घरात असतं, तर आज मी नसतो."

सारजाबाई नवऱ्याच्या तोंडाकडं बघत राहिली. मग तिनं चारचौघांदेखत त्याचं मनगट घट्ट धरलं, आणि दुसऱ्या हातानं रिव्हॉल्वर जमादारांकडं सरकवलं.

"हे ठुवा तुमच्याकडं," ती म्हणाली. "मी ह्यांना घरी नेते."